वारंवार रुग्णालयात येणारा माणूस : कॅम्डेन येथील एका आरोग्यप्रयोगाचा इतिहास

व्याधी सहसा एकटी येत नाही, हा घरोघरीचा अनुभव आहे. मधुमेहाच्या पाठोपाठ रक्तदाब येतो, रक्तदाबामागून हृदयविकार, आणि या साऱ्यांची औषधे वर्षानुवर्षे घेता घेता मूत्रपिंडे थकतात. वैद्यकशास्त्राने गेल्या शंभर वर्षांत अवयवागणिक तज्ज्ञ निर्माण केले. हृदयाचा वैद्य निराळा, मूत्रपिंडाचा निराळा, मनाचा तर अगदीच निराळा. या विभागणीने असंख्य प्राण वाचले, हे नाकारता येणार नाही. परंतु ज्याच्या ठायी हे सारे विकार एकाच वेळी नांदत आहेत, ज्याच्या घरी औषधाची वेळ सांगणारे कोणी नाही, ज्याला कदाचित घरच नाही आणि ज्याने एकटेपणाला कंटाळून व्यसनाचा आधार घेतला आहे, अशा माणसाचा वैद्य कोण? आरोग्यशास्त्रात अशा रुग्णास ‘गुंतागुंतीचा रुग्ण’ म्हणतात. गुंतागुंत त्याच्या देहात असते तितकीच त्याच्या भोवतालच्या व्यवस्थेतही असते. या प्रश्नाचा ध्यास घेणारे अमेरिकेतील एक वैद्य व संशोधक डॉ. जेफ्री ब्रेनर यांचे कार्य, त्यास लाभलेली कीर्ती आणि त्या कीर्तीची पुढे झालेली कठोर परीक्षा, हा अलीकडच्या आरोग्यक्षेत्राच्या इतिहासातील एक मनन करण्याजोगा अध्याय आहे.

या कार्याची भूमी म्हणजे न्यू जर्सी राज्यातील कॅम्डेन हे नगर. डेलावेअर नदीच्या एका तीरावर फिलाडेल्फिया हे ऐतिहासिक महानगर आणि दुसऱ्या तीरावर कॅम्डेन. कवी वॉल्ट व्हिटमन यांनी आयुष्याची अखेरची वर्षे याच गावी काढली आणि १८९२ साली येथेच देह ठेवला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे उद्योगाचे भरभराटलेले केंद्र होते. येथील गोदीत प्रचंड जहाजे बांधली जात, कॅम्पबेल कंपनीचे डबाबंद सूप येथून देशभर जाई, आणि व्हिक्टर कंपनीच्या ध्वनिमुद्रिका येथेच तयार होत. कर्ण्यासमोर कान टवकारून बसलेल्या कुत्र्याचे जे चित्र महाराष्ट्रातील जुन्या संगीतप्रेमी घरांत नाट्यपदांच्या तबकड्यांवर पाहावयास मिळे, तेच चित्र अमेरिकेत या व्हिक्टर कंपनीचे बोधचिन्ह होते. १९५० साली गावची लोकसंख्या सव्वा लाखाच्या घरात होती. पुढे कारखाने गेले. गोदी १९६७ साली बंद पडली, सूपचा कारखाना १९९० साली. ज्यांना जाणे शक्य होते ते उपनगरांत निघून गेले. मागे राहिले ते मुख्यतः गरीब कृष्णवर्णीय आणि स्पॅनिश भाषक कुटुंबे. २०१० च्या जनगणनेत लोकसंख्या ७७ हजारांवर आली होती आणि अमेरिकेतील सर्वांत दरिद्री व गुन्हेग्रस्त शहरांत कॅम्डेनचे नाव घेतले जात होते.

आश्चर्य असे की या दरिद्री गावात रुग्णालयांची मात्र वाण नव्हती. तीन मोठी रुग्णालये तेथे होती. अमेरिकेत वृद्धांसाठी ‘मेडिकेअर’ आणि गरिबांसाठी ‘मेडिकेड’ या शासकीय योजना १९६५ पासून चालू आहेत, आणि १९८६ च्या कायद्यान्वये दारी आलेल्या कोणाही रुग्णाची तपासणी करून त्याची प्रकृती स्थिर केल्यावाचून तातडीच्या विभागाला त्यास परत पाठविता येत नाही. म्हणजे दार उघडे होते. तथापि त्या दारातून तोच माणूस पुन्हा पुन्हा आत येत होता, त्याच्यावर लक्षावधी डॉलर खर्च होत होते, आणि तरीही तो बरा होत नव्हता.

ब्रेनरांच्या कार्याकडे वळण्यापूर्वी त्यांच्या पूर्वसूरींचे स्मरण करणे उचित ठरेल. कारण रुग्णाला त्याच्या घरात व वस्तीत जाऊन पाहिले पाहिजे, ही कल्पना त्यांनी प्रथम मांडलेली नाही. १९४० साली दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतात फोलेला येथे सिडनी कार्क आणि एमिली कार्क या वैद्य दांपत्याने झुलू लोकांच्या वस्तीत एक आरोग्यकेंद्र उघडले. त्यांनी घरोघरी भेटी दिल्या, स्थानिक स्त्री-पुरुषांना आरोग्यसेवक म्हणून शिकविले, कुपोषण हटविण्यासाठी अंगणात भाजीपाला लावण्यास प्रवृत्त केले. १९५७ साली जॅक गायगर नावाचा एक अमेरिकी विद्यार्थी तेथे काही महिने राहून हे सारे पाहून गेला. पुढे १९६५ साली त्याने व त्याच्या सहकाऱ्याने बोस्टनच्या कोलंबिया पॉइंट वस्तीत आणि त्यानंतर मिसिसिपी राज्यातील माउंड बायू या खेड्यात त्याच धर्तीची केंद्रे सुरू केली. माउंड बायू येथे उपाशी मुलांना वैद्य औषधाच्या चिठ्ठीवर दूध, भाजी, मांस लिहून देत, वाण्याचे दुकान ती चिठ्ठी वटवी आणि त्याचे बिल केंद्राच्या औषधखात्यात पडे. राजधानीतून आक्षेप आला, तेव्हा गायगर यांनी कुपोषणावरील औषध अन्न हेच असल्याचे सांगून तो परतविला. आपल्याकडे १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबेल आरोळे यांनी जामखेड येथे गावातल्याच, बहुधा निरक्षर स्त्रियांना आरोग्याचे शिक्षण देऊन जे कार्य उभे केले, तेही याच कुळातले.

डॉ. ब्रेनर हे कुटुंबवैद्य होते. १९९८ साली ते कॅम्डेनमध्ये राहावयास व काम करण्यास आले. गरीब रुग्णांसाठी मिळणारे शासकीय मानधन इतके तुटपुंजे होते की पुढे त्यांना आपला स्वतंत्र दवाखाना चालविणे अशक्य होऊन तो बंद करावा लागला. त्यांच्या संशोधनाची वाट मात्र अकल्पित दिशेने उघडली. २००१ साली त्यांच्या घराजवळ एका विद्यार्थ्यास गोळी घालून ठार करण्यात आले. त्या घटनेने व्यथित होऊन ते गावच्या पोलीस सुधारणेच्या कामात लक्ष घालू लागले. न्यूयॉर्कमध्ये त्या सुमारास गुन्ह्यांची नोंद नकाशावर टिपून, जेथे गुन्हे दाटले असतील तेथे पोलीसबळ केंद्रित करण्याची पद्धत रूढ झाली होती. कॅम्डेनच्या पोलिसांकडे तशी माहिती मिळेना, म्हणून ब्रेनरांनी रुग्णालयांकडे मागणी केली : मारहाणीने जखमी होऊन येणारे लोक कोठून येतात, एवढे तरी कळावे. पोलिसांना त्या नकाशात विशेष रस वाटला नाही. परंतु रुग्णालयांच्या देयकांच्या त्या नोंदी, ज्या केवळ वसुलीसाठी ठेवल्या जात, त्यांत काय दडले आहे याची जाणीव या वैद्यास झाली.

मग त्यांनी तिन्ही रुग्णालयांच्या नोंदी एकत्र केल्या. हे वाटते तितके सोपे नव्हते. परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या संस्था आपली माहिती सहजासहजी दुसऱ्यास देत नाहीत. स्थानिक डॉक्टरांच्या सकाळच्या न्याहारीच्या बैठकींतून २००२ च्या सुमारास ‘कॅम्डेन कोअलिशन ऑफ हेल्थकेअर प्रोव्हायडर्स’ ही सहकार्यसंस्था आकारास आली. नोंदी जुळविल्यावर जे चित्र दिसले ते थक्क करणारे होते. जानेवारी २००२ ते जून २००८ या काळात गावातील अवघ्या दोन इमारतींतील सुमारे ९०० रहिवासी ४००० हून अधिक वेळा रुग्णालयात गेले होते आणि त्यांच्या देयकांची बेरीज सुमारे २० कोटी डॉलर होती. एक रुग्ण पाच वर्षांत ३२४ वेळा दाखल झाला होता. गावातील वैद्यकीय सेवा घेणाऱ्या सुमारे एक लाख लोकांपैकी केवळ एक टक्का लोकांवर एकूण खर्चाच्या ३० टक्के रक्कम खर्च होत होती.

एखाद्या व्यापाऱ्याने खतावणी उघडावी आणि साऱ्या तोट्याचे मूळ चार खात्यांत सापडावे, तसे हे झाले. हिशेबनिसाच्या ठिकाणी सामान्यतः अशी खाती बंद करण्याचा विचार येतो. ब्रेनरांचा विचार उलट होता. ज्याच्यावर सर्वाधिक खर्च होतो त्यालाच सर्वांत वाईट सेवा मिळत आहे, तेव्हा त्याचीच सर्वांत अधिक काळजी घेतली पाहिजे, असे त्यांचे अनुमान होते. नकाशावरील गुन्ह्यांच्या दाट ठिकाणांना इंग्रजीत ‘हॉटस्पॉट’ म्हणत. त्यावरून या पद्धतीस ‘हॉटस्पॉटिंग’ हे नाव पडले.

आरंभी त्यांनी रुग्णालयांतील सहकाऱ्यांना एवढेच सांगितले की तुमचा सर्वांत अवघड रुग्ण दाखवा. पहिला रुग्ण चाळिशी ओलांडलेला एक पुरुष होता. हृदय दुर्बळ झालेले, दमा, मधुमेह, थायरॉइडचा विकार, संधिवात, शिवाय धूम्रपान व मद्यपान. वजन अडीचशे किलोहून अधिक. मागील तीन वर्षांत तो जितके दिवस बाहेर होता जवळजवळ तितकेच दिवस रुग्णालयात होता. ब्रेनर रोज त्याच्या खाटेपाशी जाऊन बसू लागले. त्यांनी त्याला औषध देण्यापूर्वी त्याची जन्मकहाणी ऐकली. तो एके काळी मोटार दुरुस्तीच्या कामाचा कारागीर होता. आता त्याला स्थिर घर नव्हते. ब्रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्यांत एक परिचारिका आणि एक समाजसेविका होत्या, त्याच्यासाठी अपंगत्वाचे साहाय्य मिळविले, निवासाची सोय लावली, विम्याची घडी बसविली, एकच वैद्य सातत्याने त्याला पाहील अशी तजवीज केली. स्वयंपाक स्वतः करावा, दारूमुक्तीच्या मंडळात जावे, पूर्वी जात असे त्या चर्चमध्ये पुन्हा जावे, यासाठी पाठपुरावा केला. सोबत असणे आणि गोड शब्दांत हट्ट धरणे, एवढेच त्या औषधाचे स्वरूप होते. काही वर्षांत त्या माणसाचे वजन सुमारे १०० किलोंनी घटले आणि व्यसने सुटली.

पहिल्या ३६ रुग्णांचा हिशेब असा सांगितला गेला : हाती घेण्यापूर्वी या सर्वांच्या मिळून महिन्याला सरासरी ६२ रुग्णालयभेटी होत, त्या ३७ वर आल्या, महिन्याचे देयक सरासरी १२ लाख डॉलर होते, ते पाच लाखांहून थोडे अधिक उरले. या यशात एक विसंगतीही होती आणि ती मौजेची नव्हे तर खेदाची आहे. खाट भरली तर रुग्णालयास पैसा मिळतो, रिकामी राहिली तर बुडतो, अशी तेथील देयकांची रचना. त्यामुळे रुग्णास घरी निरोगी ठेवणारा वैद्य हा रुग्णालयाच्या जमाखर्चाचा एका अर्थी शत्रूच ठरत होता. संस्थेचे काम बराच काळ देणग्यांवर चालले ते यामुळेच.

२४ जानेवारी २०११ च्या ‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकात डॉ. अतुल गावंडे यांचा या प्रयोगावरील दीर्घ लेख प्रसिद्ध झाला आणि कॅम्डेनचे नाव जगभर गेले. गावंडे हे नाव महाराष्ट्रास परके नाही. त्यांचे वडील, मूत्ररोग शल्यविशारद डॉ. आत्माराम गावंडे, यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेडजवळच्या उटी या गावचे. शेतकरी कुटुंबातून शिकून ते अमेरिकेस गेले, ओहायो राज्यात स्थायिक झाले, आणि गावाकडील मुलांसाठी उमरखेड येथे त्यांनी महाविद्यालय उभारण्यास साहाय्य केले. अतुल गावंडे यांनी २०१४ साली प्रकाशित झालेल्या ‘बीइंग मॉर्टल’ या ग्रंथात उटी येथील आपल्या आजोबांचे, सीताराम गावंडे यांचे चित्र रेखाटले आहे. ते जवळजवळ ११० वर्षे जगले. त्या वयातही घोड्यावर बसून शेताला फेरी घालीत, आणि कोणी ना कोणी घरचे माणूस सदैव त्यांच्या हाताशी असे. अशा वयाचा माणूस अमेरिकेत असता तर त्याची रवानगी शुश्रूषागृहात झाली असती, असे नातू नमूद करतो. त्याच वेळी तो हेही स्पष्ट लिहितो की एकत्र कुटुंबाची ती व्यवस्था तरुणांच्या, विशेषतः स्त्रियांच्या स्वातंत्र्याचे मोल देऊन चालत असे. कॅम्डेनच्या पथकाने जे वेतन देऊन उभे केले ते म्हणजे, पाहू गेल्यास, उटीच्या त्या वाड्यात विनावेतन होणारे काम.

लेखानंतर कीर्तीचा ओघ सुरू झाला. अनेक गावांतील रुग्णालये आपापल्या अवघड रुग्णांच्या याद्या करू लागली. २०१३ साली ब्रेनरांना मॅकआर्थर प्रतिष्ठानची मानाची पाठ्यवृत्ती मिळाली. मात्र गावंडे यांनी आपल्या लेखातच एक सावध वाक्य घातले होते, त्याकडे फार थोड्यांचे लक्ष गेले : या रुग्णांपैकी काही जण कदाचित आपोआपही सुधारले असते.

या आक्षेपाचे मर्म समजून घेणे आवश्यक आहे. कारण पुढील सारा इतिहास त्यावर उभा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सिस गाल्टन यांनी आईबाप व अपत्ये यांच्या उंचीची मोजमापे घेतली. त्यांना आढळले की अतिशय उंच आईबापांची मुले उंच असतात खरी, पण आईबापांइतकी नव्हेत. आणि अतिशय ठेंगण्यांची मुले ठेंगणी असली तरी तितकी नव्हेत. टोकाची गोष्ट पुढच्या मोजणीत मध्याकडे सरकते. जिल्ह्यातील ज्या गावी यंदा सर्वांत अधिक पाऊस पडला तेथे पुढील वर्षी बहुधा त्याहून कमी पडेल, आणि त्यासाठी कोणी काही केलेले असण्याची आवश्यकता नाही. रुग्णांचेही तसेच. ज्या सहा महिन्यांत माणूस सर्वाधिक आजारी असतो तेव्हाच तो यादीत येतो. त्यानंतरचे सहा महिने, उपचार होवोत वा न होवोत, बऱ्याच जणांना थोडे बरे जातात. काही जण तर जगाचा निरोपच घेतात. मग घट झाली ती सेवेने की काळाने, हे ठरवावयाचे कसे?

यास मार्ग एकच : सारख्याच स्थितीतील रुग्ण घेऊन, चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे निव्वळ योगायोगाने दोन गट पाडावयाचे, एकास नवी सेवा द्यावयाची, दुसऱ्यास प्रचलित उपचार, आणि मग दोहोंची तुलना करावयाची. या पद्धतीच्या इतिहासात भारताचे स्थान गौरवाचे आहे. १९५६ साली मद्रास येथे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची वैद्यकीय संशोधन परिषद यांच्या सहकार्याने क्षयरोग उपचार केंद्र स्थापन झाले. तोवर क्षय म्हटला की आरोग्यधाम, हे समीकरण होते. आपल्याकडेही मिरजेजवळ वानलेसवाडीस रुग्ण महिनोन्‌महिने जाऊन राहत. पण देशात रुग्ण लक्षावधी आणि खाटा काही हजार. मद्रासच्या केंद्राने रुग्णांची योगायोगाने विभागणी केली : काहींना आरोग्यधामात पूर्ण विश्रांती, सकस आहार आणि परिचारिकांची देखरेख, इतरांना तीच औषधे, पण त्यांच्याच दाटीवाटीच्या घरांत, त्यांच्याच अपुऱ्या आहारावर. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. घरचे रुग्ण जवळजवळ तितक्याच प्रमाणात बरे झाले होते, आणि त्यांच्या कुटुंबीयांना रोग जडण्याचे प्रमाणही अधिक आढळले नाही. जगभरची आरोग्यधामे पुढे ओस पडली त्यामागे या निष्कर्षाचा मोठा वाटा आहे. घरी राहून उपचार या कल्पनेस मद्रासला अशी परीक्षा लाभली होती. कॅम्डेनला ती अद्याप द्यावयाची होती.

ब्रेनर व त्यांची संस्था यांनी ती देण्याचे मान्य केले, ही या इतिहासातील सर्वांत लक्षणीय घटना होय. कीर्ती हाती असताना, देणगीदार प्रसन्न असताना आणि वृत्तपत्रे गुणगान करीत असताना आपल्या कार्याची अशी तपासणी करवून घेण्याची निकड कोणतीही संस्था सहसा मानीत नाही. परीक्षेचे नेतृत्व मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या अर्थशास्त्रज्ञ एमी फिंकेलस्टाइन यांच्याकडे होते. दुसऱ्या गटास सेवा नाकारणे कितपत न्याय्य, हा प्रश्न तेथेही उद्भवला असणार. परंतु संस्थेच्या मनुष्यबळापेक्षा रुग्ण अधिक होते, कोणास तरी वगळावे लागणारच होते, तेव्हा ते चिठ्ठीने व्हावे हे पक्षपाताने होण्यापेक्षा बरे, असा त्याचा युक्तिवाद करता येतो.

२०१४ ते २०१७ या काळात ८०० रुग्ण घेण्यात आले. प्रत्येक जण त्या वेळी रुग्णालयात दाखल होता आणि आधीच्या सहा महिन्यांत निदान आणखी एकदा दाखल होऊन गेला होता. प्रत्येकास दोन वा अधिक जुनाट व्याधी होत्या, आणि शिवाय पाच किंवा अधिक औषधे, मानसिक विकार, व्यसन, निराधारपणा, बेघरपणा अशांपैकी काही ना काही. निम्म्यांच्या वाट्यास पथकाची सेवा आली. परिचारिका, समाजसेवक व आरोग्यसेवक त्यांच्या घरी जात, औषधांचे डबे लावून देत, वैद्याकडे सोबत जात, शासकीय साहाय्याचे अर्ज भरून देत. निम्म्यांना नेहमीचेच उपचार मिळाले.

९ जानेवारी २०२० रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला. सेवा मिळालेल्यांपैकी ६२.३ टक्के रुग्ण १८० दिवसांच्या आत पुन्हा रुग्णालयात दाखल झाले होते. सेवा न मिळालेल्यांत हे प्रमाण होते ६१.७ टक्के. म्हणजे फरक नाही. सेवा मिळालेला गट एकटाच पाहिला असता तर दाखल होण्याचे प्रमाण आधीच्या तुलनेत सुमारे ३८ टक्क्यांनी घटलेले दिसले असते आणि त्याचा मोठा गौरव झाला असता. पण दुसऱ्या गटातही तितकीच घट झाली होती. गाल्टन यांच्या उंच आईबापांची गोष्ट कॅम्डेनच्या खाटांवर जशीच्या तशी घडली.

आयुष्यातील मुख्य कार्याविषयी असा निर्णय ऐकून दुःख झाल्याचे ब्रेनर यांनी लपविले नाही. ते २०१७ सालीच संस्थेतून बाहेर पडून एका मोठ्या विमा कंपनीत गेले होते. संस्थेने मात्र निष्कर्षावर पांघरूण घातले नाही, की परीक्षेच्या पद्धतीला दोष दिला नाही.

या निष्कर्षाचा अर्थ लावताना दोन टोकांच्या चुका झाल्या. काहींनी सारा प्रयोगच निरर्थक ठरविला. काहींनी, दीनांची सेवा आकड्यांत मोजण्याची कल्पनाच असंस्कृत आहे, असे म्हटले. दोन्ही मते उतावीळपणाची वाटतात. परीक्षेने एकच प्रश्न विचारला होता : पुन्हा दाखल होणे घटले काय? त्याचे उत्तर ‘नाही’ असे आले, आणि ज्यांनी खर्च वाचेल या आशेवर कार्यास पैसा दिला त्यांना ते उत्तर मिळणे न्याय्यच होते. धर्मादाय दवाखाना चालविणाऱ्या कोणत्याही विश्वस्त मंडळास हा पेच ओळखीचा वाटेल. वर्षाच्या अहवालात किती रुग्ण तपासले हे छापता येते. ते न तपासले असते तर काय झाले असते, हे छापता येत नाही. पण रुग्णाचे दुःख हलके झाले काय, त्यास मरणसमयी कोणी जवळ होते काय, हे त्या परीक्षेत मोजलेच गेले नव्हते.

अपयशाची कारणेही शोधली गेली. घरी पाच दिवसांत भेट आणि सात दिवसांत वैद्याची भेट हे पथकाचे उद्दिष्ट होते. ही दोन्ही वेळेत साधली गेली ती केवळ २८ टक्के रुग्णांच्या बाबतीत. ज्याचा दूरध्वनी महिन्यातून तीनदा बंद पडतो आणि जो आज या नातेवाइकाकडे, उद्या त्या निवाऱ्यात झोपतो, त्याला गाठावे कोठे? गाठला तरी त्याला द्यावयाचे काय, हा त्याहून बिकट प्रश्न होता. पथक रुग्णाचे बोट धरून त्याला व्यसनमुक्ती केंद्राच्या, मनोविकारतज्ज्ञाच्या, गृहनिर्माण कार्यालयाच्या दारापर्यंत नेऊ शकत होते. आत जागा नसेल तर ती निर्माण करणे त्याच्या हाती नव्हते. फोलेलाला कार्क दांपत्याने भाजीचा वाफा लावला होता, माउंड बायूला गायगर यांनी दूध लिहून दिले होते. कॅम्डेनच्या पथकाजवळ भाड्याचे घर लिहून देण्याची चिठ्ठी बहुतेक रुग्णांसाठी नव्हती. शिवाय, पन्नाशीपर्यंत शरीर व मन यांची जी झीज झालेली असते ती तीन महिन्यांच्या सहवासाने भरून निघावी, ही अपेक्षाही कदाचित फार मोठी होती.

संस्थेने काम थांबविले नाही. बेघर रुग्णास आधी घर द्यावे, व्यसन सोडण्याची अट घालू नये, या तत्त्वावरील उपक्रम तिने हाती घेतला होता, तो चालू राहिला. गुंतागुंतीच्या रुग्णांविषयी देशभरातील कार्यकर्त्यांनी एकत्र यावे म्हणून २०१६ पासून तिने एक राष्ट्रीय केंद्र चालविले आहे. त्याच ८०० रुग्णांच्या नोंदींचा फिंकेलस्टाइन व सहकाऱ्यांनी पुढे आणखी अभ्यास केला. त्यात दिसून आले की सेवा मिळालेले रुग्ण रुग्णालयातून सुटल्यावर दुसऱ्या गटापेक्षा अधिक प्रमाणात बाह्यरुग्ण वैद्याकडे गेले होते. म्हणजे पथकाने त्यांना वैद्याच्या दारी खरोखरच पोहोचविले होते. वैद्याच्या दारी पोहोचूनही ते पुन्हा रुग्णालयातच का गेले, याचा शोध आरोग्यसंशोधक अद्याप घेत आहेत.